पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण बदलीच्या नोकरीतील माणसाला जितक्या वेळा ऐकावी लागते, तितक्या वेळा ती खुद्द विंचवालाही ऐकावी लागत नसेल. कचेरीतील निरोपसमारंभात हार घालून झाला, चहा झाला, की कोणीतरी वडीलधारा सहकारी ती म्हणतोच. आणि आपणही ती प्रथमच ऐकत असल्यासारखे हसतो. ह्या म्हणीचा रोख नेहमी बिऱ्हाडाकडे असतो. ते किती लहान, किती सुटसुटीत, ह्याचे कौतुक होते. पाठीची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. ती भक्कम आहे, असे आपण गृहीतच धरलेले असते.

पाठीचा विचार करण्याची सवय मला अलीकडे लागली, ती अमेरिकेतील एका वाहनामुळे. पिकअप म्हणजे पुढे चालकाची खोपी आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. ती आपल्याकडेही भाजीबाजारात दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील हौशी प्रवाशांनी ह्या हौद्यात एक अख्खी खोलीच बसविण्याची टूम काढली. तिला ते कॅम्पर म्हणतात. तीत झोपण्याचा माचा असतो, शेगडी असते, पाण्याची टाकी, बसायला बाक, कपडे ठेवायला फडताळ असते. माच्याचा भाग बहुधा चालकाच्या डोक्यावरून पुढे आलेला असतो, त्यामुळे लांबून पाहताना गाडीने पागोटे घातल्यासारखे वाटते. मुक्कामावर पोचल्यावर खोलीच्या चार कोपऱ्यांचे चार पाय खाली सोडतात, ते फिरवून खोली उचलून घेतात आणि गाडी तिच्याखालून अलगद पुढे काढतात. खोली आपल्या पायांवर उभी राहते; गाडी बाजाराला जायला मोकळी होते. घर आणि गाडी एकमेकांशी बांधलेली असूनही एकमेकांची नसतात, ही ह्या रचनेतली खरी गंमत.

ह्या जातीच्या वाहनांत सर्वांत प्रसिद्ध ठरले ते जॉन स्टाइनबेक ह्या कादंबरीकाराचे. १९६० च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आपला देश पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून तो चार्ली नावाचा पूडल जातीचा कुत्रा सोबत घेऊन निघाला. जीएमसी कंपनीची पाऊण टनी पिकअप त्याने घेतली, आणि मिशिगन राज्यातील ग्लॅडविन गावच्या वुल्व्हरिन कंपनीची खोली तिच्यावर चढविली. डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्याच्या नावावरून गाडीचे नाव ठेवले रोसिनांते. सुमारे दहा हजार मैलांच्या ह्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. ती गाडी आज कॅलिफोर्नियातील सलिनास ह्या त्याच्या जन्मगावी, त्याच्याच नावाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

ह्या पुस्तकातील ज्या भागाने माझे लक्ष वेधले, तो निसर्गवर्णनाचा नाही, टायरांचा आहे. खोलीत त्याने अवजारे भरली, खाण्याचे डबे भरले, आणि लेखकच तो, पुस्तके तर गरजेहून किती तरी जास्त भरली. पुढे ओरेगॉन राज्यात, भर पावसात, तेही रविवारी, एक टायर फुटले आणि दुसरे फुटण्याच्या बेतात आले. त्या ओझ्याला पुरतील असली मजबूत टायरे एका पेट्रोलपंपवाल्याने मोठ्या आपुलकीने मिळवून दिली तेव्हा पुढचा प्रवास झाला. ह्या पुस्तकातील कित्येक प्रसंग जसेच्या तसे घडले की लेखकाने रचले, असा वाद पुढे तिकडील पत्रकारांनी उपस्थित केला आहे. प्रसंग रचता येतात हे खरे. परंतु वजनाचा हिशेब कोणाला रचता येत नाही.

तो हिशेब कसा करतात, हे पाहताना माझ्यातला कारकून जागा झाला. प्रत्येक गाडीच्या कागदपत्रांवर दोन आकडे असतात: एक रिकाम्या गाडीचे वजन, आणि दुसरे, ओझ्यासकट तिने रस्त्यावर जास्तीत जास्त किती भरावे ते. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरते, तेवढेच आपले. समजा, गाडीला एकंदर ४५०० किलोंची परवानगी आहे आणि ती रिकामी ३००० किलोंची आहे; म्हणजे हातात राहिले १५००. कॅम्पर विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात खोलीचे वजन ११०० किलो छापलेले असते. माणूस आनंदतो. परंतु तो आकडा कोरड्या खोलीचा! १२० लिटर पाणी भरले की १२० किलो झाले. गॅसची टाकी आणि वेगळी बॅटरी ह्यांचे ८०, कपडे-भांडी-पुस्तकांचे १५०, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती दोन माणसे, त्यांचे १५०. बेरीज १६०० झाली. ह्या यादीतील एकही वस्तू वाजवीपेक्षा जड नाही, एकही चैनीची नाही. तरी गाडी शंभर किलोंनी बुडालेली आहे. म्हणून जाणती माणसे छापील आकड्यावर विसंबत नाहीत. सर्व सामान भरून, टाक्या भरून, माणसे बसवून गाडी वजनकाट्यावर नेतात. उत्तर हिंदुस्थानात ह्या काट्याला धर्मकांटा म्हणतात, हे आपल्यापैकी तिकडे राहिलेल्यांना ठाऊक आहे. कोणाचीही भीड न धरता खरे सांगणाऱ्या यंत्राला ह्याहून चांगले नाव सुचणे कठीण.

पण नुसते वजन बेताचे असून भागत नाही, ते पडते कुठे तेही पाहावे लागते. खोलीचा भारमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे यायला हवा. तो आसामागे गेला, तर मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हातात असूनही गाडी ऐकेनाशी होते. कोणत्या गाडीवर भारमध्य कुठे यावा, ही माहिती गाडीबरोबर देण्याचा अमेरिकेत नियमच आहे. हे वाचताना मला हसू आले, कारण आमच्या गावचा कोणताही गाडीवान हे नियमावाचून जाणत होता. कडबा मागे जास्त भरला की बैलगाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते; पुढे जास्त भरला तर तेच जू मानेवर बसते. भरलेल्या गाडीचे जू हाताने उचलून पाहून तो गवताच्या चार पेंढ्या इकडच्या तिकडे करीत असे.

त्यानंतर खरी तयारी सुरू होते, आणि ती सगळी डोळ्यांआडची असते. मागचा फाळका काढून ठेवतात. हौद्यात जाड रबरी चटई अंथरतात, म्हणजे खोली घसरत नाही. खोलीच्या चार कोपऱ्यांतून चार ताण गाडीच्या मूळ सांगाड्याला बांधतात, हौद्याच्या पातळ पत्र्याला नव्हे; आणि त्या ताणांत थोडी स्प्रिंग ठेवतात, कारण खडबडीत रस्त्यावर सांगाडा पीळ खातो, आणि ताठ बांधलेली वस्तू तेव्हा स्वतः तरी तुटते किंवा दुसऱ्याला तरी तोडते. खोलीच्या दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवतात, नाहीतर रात्री वाचीत बसलेल्या माणसाला सकाळी गाडी ढकलावी लागते. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा जाड गज बसवितात, जास्त भाराची टायरे घालतात, आणि मागच्या पाट्यांना जोड म्हणून आणखी पाटे किंवा हवेच्या पिशव्या देतात.

ह्या पाट्यांविषयी मात्र मला शंका होती, म्हणून येथे डेहराडूनला ट्रान्सपोर्ट नगरातील एका वृद्ध मिस्त्रींना मी विचारले. पहाडात माल नेणाऱ्या पिकअपच्या कमानी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. दोन पाटे जास्त घातले, तर गाडी दोनशे किलो जास्त नेईल काय, असे मी विचारताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “बाबूजी, पाटा बढ़ाने से गाड़ी बैठेगी नहीं, बस. ब्रेक तो वही रहेगा, एक्सल भी वही.” अधिक पाट्यांमुळे गाडी दबलेली दिसत नाही, एवढाच फरक, तिची मूळची कुवत तेवढीच राहते. उलट दबलेली गाडी निदान दिसते तरी. पाटे वाढविलेली गाडी ताठ उभी असते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हिला अजून भरता येईल.

आपल्याकडे अशी गाडी स्वतः तयार करून घेणे सोपे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मालकाला हवा तसा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. कॅम्पर ह्या नावाची एक पिकअप आपल्या रस्त्यांवर पुष्कळ दिसते खरी, परंतु तिच्यात दोन रांगा बसण्याची आणि मागे अवजारे टाकण्याची सोय, राहण्याची नाही. तेव्हा माझ्यासारख्याच्या दृष्टीने हे सारे वाचनसुखच. तरीही हा हिशेब वाचता वाचता एक आकडा मला फार ओळखीचा वाटू लागला. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ साली, बदलीच्या वेळी घरसामान नेण्याविषयी जो आदेश निघाला, त्यात चौथ्या आणि त्याखालच्या वेतनस्तरातील कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा ठरविलेली आहे ती १५०० किलोंची. म्हणजे सरकारच्या लेखी माझा संसार आणि एका पिकअपच्या पाठीवरची खोली साधारण एकाच वजनाची!

आमची आता गुवाहाटीला बदली झाली आहे. आदेश हाती पडल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सामानाची यादी करायला बसलो. नागपूर सोडताना, जबलपूर सोडताना केलेल्या याद्या माझ्या फाइलीत आहेत. पलंग, कपाट, शिवणयंत्र, पुस्तकांच्या पाच पेट्या, आणि आजेसासूबाईंपासून चालत आलेला पाटा-वरवंटा. गाडीचे पाटे कमी पडतात, आणि हा पाटा मात्र कधी मागे राहत नाही, अशी थट्टा मी मागच्या दोन्ही वेळी केलेली होती. परंतु त्या याद्यांत एक नोंद कधीच नव्हती, आणि ती कोणत्याही काट्यावर चढणारी नव्हती. नागपूरला सौभाग्यवतींनी एका शाळेतील गणिताच्या शिक्षिकेची जागा सोडली. जबलपूरला दोन वर्षे खटपट करून मिळालेली जागा पुन्हा सोडली. येथे तिसरी मिळाली, ती गेल्या जूनमध्ये कायम झाली. दोन्ही वेळा तिने तक्रार केली नव्हती. सारे सामान नीट बांधले, मुलीचा दाखला आणला, आणि नव्या गावी आठ दिवसांत घर लावले. येणारे-जाणारे म्हणत, वहिनींना बदलीची छान सवय झाली आहे. मिस्त्रींचे बोलणे ऐकून आल्यापासून हे वाक्य मला पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

यादी अर्धी झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अहो, त्या अमेरिकेतल्या खोलीला चार पाय असतात, असं तुम्हीच सांगितलंत ना?”

“हो. मुक्कामाला खोली उतरवून ठेवतात.”

“मग या वेळी खोली इथंच उतरवू या. तुम्ही गाडी घेऊन पुढे व्हा. मुलीचं दहावीचं वर्ष होऊ दे. आणि माझी जागा कायम झाली आहे, ती मला आता सोडायची नाही.”

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितले, की विचार पुष्कळ दिवसांचा आहे हे कळायला मला वेळ लागला नाही. मी काही अडचणी पुढे केल्या. सरकारी घर सोडावे लागेल, दोन ठिकाणचा खर्च, आजारपण, सणवार. तिने प्रत्येक अडचणीचे उत्तर दिले. शाळेजवळच्या दोन खोल्या ती पाहून आलेली होती, त्यांचे भाडे तिच्या पगारातून निघत होते. शेवटी माझ्याकडे उरली ती एकच अडचण, की मला एकट्याने राहण्याची सवय नाही. आणि ती पुढे करण्याइतकी मोठी मला वाटेना. सवयीचे ओझे माझ्या वाट्यालाही कधीतरी यायचेच.

पुढील पंधरवड्यात मी जाणार. बदलीच्या नोकरीतील अनेक मराठी कुटुंबे अशी दोन गावी विभागलेली आहेत, हे मला ठाऊक आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी हा बेत केव्हाच ठरला असेल, कित्येकांच्या घरी तो अजून बोलला गेला नसेल. त्यात सुख आहे असे मी म्हणणार नाही. सुट्ट्यांचा हिशेब, रात्रीचे दूरध्वनी, आणि गुवाहाटीहून येथवरचा लांबलचक रेल्वेप्रवास, हे सारे आता आमच्या खात्यात जमा होणार. परंतु कुठला भार कोणावर टाकायचा हे आम्ही ह्या वेळी प्रथमच दोघांनी बसून ठरविले.

नवी यादी माझ्यापुरतीच झाली: एक गादी, एक स्टोव्ह, थोडी भांडी, पुस्तकांची एक पेटी. सारी मिळून दोनशे किलोही भरणार नाही. पाटा-वरवंटा येथेच राहतो आहे. नव्या खोल्यांच्या मागच्या ओट्यावर त्याला जागा आहे, असे ती म्हणते.