फोल्डर दिसतं, फाईल मात्र उघडत नाही!



आपल्या बऱ्याच शाळांत आता दोन-तीन संगणक झालेत. ते एकाच राउटरला जोडले की कार्यालयातल्या संगणकावरचं फोल्डर वर्गातल्या लॅपटॉपवरून उघडता येतं. पेन ड्राइव्ह घेऊन पळापळ नको. पण यू-डायस प्लसची माहिती भरायची घाई असते, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर येतं, 'अ‍ॅक्सेस डिनाइड'!

अर्धापूरजवळच्या एका शाळेत असंच झालं. फोल्डर उघडत होतं, बाकी फाईली उघडत होत्या, फक्त चौथीच्या विद्यार्थ्यांची यादी उघडेना. काही लेकरांची नावं आधार कार्डाशी जुळवायची राहिली होती. कुणीतरी सल्ला दिला, "सर, शेअरिंगमध्ये 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाका, मिटलं!" दिलं. तरी फाईल उघडली नाही ती नाहीच.

का? कारण विंडोजमध्ये कुलपं दोन असतात. शाळेचं गेट आणि वर्गाचं दार डोळ्यांसमोर आणा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलात की 'शेअरिंग' हे गेट, आणि 'सिक्युरिटी' हे वर्गाचं दार. दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, आणि दोन्हींत जी परवानगी कमी असेल तीच चालते. गेट सताड उघडलं म्हणून वर्गाचं कुलूप निघत नाही. त्याच संगणकासमोर बसलेला माणूस मात्र आधीच गेटच्या आत असतो. म्हणून "माझ्याकडं तर उघडतंय की!" असं मुख्याध्यापक म्हणतात, तेव्हा ते खरंच बोलत असतात.

आता एकच फाईल का अडली? ती आधी मुख्याध्यापकांच्या डेस्कटॉपवर होती आणि तिथून 'कट' करून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये 'पेस्ट' केली होती. एकाच ड्राइव्हमध्ये फाईल अशी हलवली की ती जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. 'कॉपी' केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. लेकरू दुसऱ्या वर्गात बसलं, पण हजेरीपटावर नाव जुन्याच वर्गात, असं समजा. उपाय सोपा होता. मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून त्याच फोल्डरमध्ये त्या फाईलची कॉपी केली, ती उघडते का ते वर्गातल्या लॅपटॉपवरून पाहिलं आणि मगच जुनी काढून टाकली. पाच मिनिटांचं काम.

त्या 'एव्हरीवन'बद्दल मात्र थोडं स्पष्टच बोलतो. या फाईलींत लेकरांचे आधार क्रमांक, जात, पालकांचे बँक खाते क्रमांक असतात. 'फुल कंट्रोल' म्हणजे नुसतं वाचणं नव्हे, बदलणं आणि पुसणंसुद्धा. त्यात 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद असेल, तर शाळेच्या वाय-फायवर असलेला कुणीही आत येऊ शकतो. शाळेच्या वाय-फायचा पासवर्ड गावात किती जणांकडं आहे, ते तुम्हीच आठवा! पालकांनीही हे शाळेत जाऊन जरूर विचारावं, त्यात वावगं काही नाही.

म्हणून शिक्षकांचा एक गट करा. ज्यांना यादी फक्त पाहायची आहे त्यांना 'रीड', माहिती भरणाऱ्यांना 'मॉडिफाय'. 'डिनाय'च्या चौकटीत सहसा खूण करू नका. एकच माणूस दोन गटांत असला, तर साधारणपणे 'डिनाय'च वरचढ ठरतं आणि मग शोधता शोधता दिवस जातो. गटात नवं नाव घातल्यावर त्या शिक्षकाला एकदा लॉग ऑफ करून परत लॉगिन करायला सांगा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. आणि कार्यालयातल्या संगणकाचा पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉपवर कंट्रोल पॅनलच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना पासवर्ड अजून साठवलेला आहे का, तेवढं पाहून घ्या.