शिवडीची मोटार आणि कुर्ल्याची जाळी

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेस उतरून कालिन्याच्या दिशेने निघाले की सीएसटी रोड लागतो. या तीन अक्षरांचा संबंध छत्रपती शिवाजी टर्मिनसशी असावा, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः ती अक्षरे सेंट्रल साल्सेट ट्रामवे या जुन्या लोहमार्गाची आहेत. १९२८ साली सुरू झालेला हा मार्ग १९३४ साली बंद पडला. रूळ गेले, नाव मात्र राहिले. आज या रस्त्याच्या परिसरात मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स आणि टायर यांच्या राशींमधून वाट काढीत गिऱ्हाइके हिंडत असतात. त्यांतच कधीतरी जुन्या मोटारीचा एखादा वारसदार दिसतो. त्याच्या हातात मापांचा कागद असतो आणि चेहऱ्यावर काळजी. त्याला हवा असतो एक रेडिएटर.

मुंबईचे आणि मोटारींचे नाते जुने आहे. ज्या १९२८ साली ट्रामवे सुरू झाली, त्याच वर्षी जनरल मोटर्स कंपनीने शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना उघडला. पुढे सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली वाहने बाहेर पडू लागली. पन्नाशीच्या दशकात तेथेच फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या एका गोलमटोल रूपाला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. व्यापारी घराण्यांत पेढीच्या भरभराटीची खूण म्हणून आलेल्या अशा गाड्या काही ठिकाणी अजून जपलेल्या आहेत.

जाणकारांच्या काटेकोर परिभाषेत १९१९ ते १९३० या काळातील मोटारच ‘व्हिंटेज’ ठरते. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीस पन्नासपेक्षा अधिक वर्षे झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन या वर्गात नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. चासी, बॉडी व इंजिन यांत फेरफार चालत नाहीत. रेडिएटरचा या यादीत नामोल्लेख नसला, तरी त्याची निवड चुकली तर इंजिनच हातचे जाते. अति तापाने ओतीव लोखंडाचे हेड तडकते, आणि नव्वद वर्षांपूर्वीचे हेड सहजासहजी मिळत नाही.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. वरच्या टाकीत आलेले गरम पाणी बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंख्याची हवा जाळीतून जाते आणि निवलेले पाणी खालच्या टाकीतून इंजिनाकडे परतते. १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज मोटारीसाठी ८,०७० लहान नळ्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी बनविली आणि गाडीला लागणारे पाणी निम्म्यावर आले. तेव्हापासून मोटारीच्या तोंडाशी असलेली ही जाळी आणि तिच्याभोवतीची चकचकीत चौकट ही मोटारीची ओळखच होऊन बसली.

बाजारात शिरण्यापूर्वी मात्र एक हिशेब घरीच करावा लागतो. गाडी तापते याचा दोष दर वेळी रेडिएटरचा नसतो. इग्निशनचे टायमिंग मागे पडलेले असते, फॅनबेल्ट सैल असतो, खालचा होजपाइप ओढीने आत चेपत असतो, किंवा इंजिनाच्या पोटातच गंजाचा गाळ साचलेला असतो. ही कारणे न तपासता नवा रेडिएटर घेणे म्हणजे खतावणी न पाहता तोट्यातल्या दुकानाला नवे भांडवल देणे होय.

तपासणीनंतर दोष रेडिएटरचाच निघाला, तर चार वाटा उरतात. पहिली डागडुजीची. टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवायची आणि गळती डाख देऊन बंद करायची. नळ्या शाबूत असतील तर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पितळ पातळ होऊन जागोजागी पाझरत असेल, तर एक भोक बुजविताच दुसरे उघडते. दुसरी वाट भंगारातून त्याच गाडीचा जुना रेडिएटर मिळविण्याची. येथे फसगत सोपी असते. १९२८ ची शेवरोले चार सिलिंडरची, सुमारे २.८ लिटरची, १९२९ ची सहा सिलिंडरची, सुमारे ३.२ लिटरची. नाव एकच, पण इंजिन निराळे आणि उष्णताही अधिक. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर न जाता जाळीची उंची, रुंदी व जाडी, बोल्टच्या भोकांमधील अंतर, पाण्याच्या तोट्यांची जागा व व्यास आणि हँडल घालण्याची मोकळीक ही सारी मापे जुळवावी लागतात.

तिसरी वाट ॲल्युमिनियमच्या नव्या रेडिएटरची. तो हलका असतो आणि चांगला बनविलेला असेल तर कामातही कमी पडत नाही. पण तो साध्या डाखाने दुरुस्त होत नाही. शिवाय तांबे-पितळ असलेल्या जुन्या व्यवस्थेत योग्य कूलंट नसेल, तर तो लवकर झिजतो. चौथी वाट मूळ चौकट व दोन्ही टाक्या राखून मधली जाळी तेवढी तांबे-पितळेची नवी बसविण्याची.

या चारांतून निवड करताना गाडीचा जन्म कोठला हे पाहावे. कुर्ल्याच्या फियाटचा रेडिएटर दर्शनी जाळीच्या मागे दडलेला असतो. त्यामुळे तेथे थोडे स्वातंत्र्य घेता येते. शिवडीच्या शेवरोलेचे तसे नाही; रेडिएटर हाच तिचा चेहरा. तेथे चौथी वाटच श्रेयस्कर. जुन्या पेढीचा नामफलक तोच ठेवून आतला कारभार नव्याने बांधावा, तसा हा व्यवहार आहे.

नवी जाळी बसली की आणखी एक मोह आवरावा लागतो. आजच्या गाड्यांचे दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते हे खरे. परंतु विसाव्या-तिसाव्या दशकातील बहुतेक गाड्यांची रचना दाबाविना चालणारी होती. त्यांच्या टाक्यांच्या जुन्या सांध्यांवर असा दाब आला, तर ते उकलतात. पाण्याबाबतही काळजी हवी. विहिरीचे वा बोअरचे पाणी कापडातून गाळले, तरी विरघळलेले क्षार त्यात राहतातच आणि पुढे नळ्यांच्या आत पुटे धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव हा खर्च किरकोळ आहे.

काम ताब्यात घेताना कारागिरासमोरच परीक्षा व्हावी. तोट्या बंद करून, आत बेताची हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवितात. बुडबुडा उठला की गळती कळते. मग वरच्या टाकीत पाण्याची जोरदार धार सोडावी; खालून ती तितक्याच वेगाने निघाली पाहिजे.

खरी परीक्षा मात्र बोरघाटात. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुल्या झालेल्या या वाटेवर खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जवळजवळ ५०० मीटरांची चढण आहे. चढावर इंजिन जोरात फिरते आणि गाडी मात्र हळू चालते, त्यामुळे समोरून वारा मिळत नाही. वर लोणावळ्याच्या उंचीवर तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. लोककथेप्रमाणे घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे, शिंग्रोबाचे, देऊळ या वाटेवर आहे. तेथे थांबून नाणे वाहण्याची रीत गाडीवानांमध्ये जुनी आहे. जुनी गाडी नेणाऱ्याने तेथे थांबावे, पण तापलेले झाकण लगेच उघडू नये. उसळणारी वाफ हात भाजते. पाणी निवू द्यावे, मग पातळी पाहावी.

उतरवलेली जुनी जाळी मात्र वजनावर विकू नये. कारागिराचे बिल व सर्व मापे गाडीच्या कागदपत्रांत ठेवावीत आणि जाळी गोणपाटात बांधून माळ्यावर टाकावी. तीस-चाळीस वर्षांनी घरातील कोणी पुन्हा सीएसटी रोडला जाईल, तेव्हा त्याच्यासाठी याहून विश्वासार्ह नमुना दुसरा नसेल.