तंजावूरचा धन्वंतरी महाल

तंजावूर म्हटले की आधी आठवते ते राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर. हजार वर्षांचे ते उत्तुंग शिखर पाहून प्रवासी तृप्त मनाने परत फिरतो. मराठी माणसाने मात्र आणखी थोडी पायपीट करून राजवाडा गाठावा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापले. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा वाड्यात आजही उभा आहे.

सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर बसले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे राहिला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. दुसरा एखादा खचला असता. या राजाने विद्येची कास धरली.

त्याने ‘धन्वंतरी महाल’ उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी मंडळी तेथे एकत्र काम करीत. औषधे पारखली जात, वनस्पतींची रंगीत चित्रे काढली जात. माणसांबरोबर मुक्या जनावरांसाठीही औषधे तयार होत. अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यात गुंफले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ हे त्या ग्रंथमालेचे नाव.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात राजाच्या काळातली नेत्ररुग्णांची टिपणे जपलेली आहेत. काही मजकूर मोडीत, काही इंग्रजीत, सोबत दुखऱ्या डोळ्यांची चित्रे! दुसऱ्या वैद्याला रोग समजावा म्हणून नोंद नीट ठेवायची, ही शिस्त त्यांत दिसते.

शहराच्या दक्षिणेला ओरत्तनाडू येथे राजाने १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्र बांधले. राजाच्या अशा छत्रांतून यात्रेकरूंना अन्न, मुलांना विद्या आणि आजाऱ्यांना औषध मिळे. स्वयंपाकी, शिक्षक आणि वैद्य एकाच छपराखाली!

आज डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि व्यायामोपचार करणारे बहुधा वेगवेगळ्या महाविद्यालयांत घडतात. त्यांची पहिली गाठ पडते ती थेट रुग्णाच्या खाटेपाशी. एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळले नाही, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणूनच या सर्वांनी विद्यार्थिदशेतच काही काळ एकत्र शिकावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये सुचवले. २०१० मध्ये त्याचा सविस्तर आराखडाही दिला.

तंजावुरात १९५९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्याच नव्हे, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनीही एकदा हा वाडा पाहावा. मोडी वाचणारे आता विरळ झाले आहेत. पण त्या कागदांतला धडा समजायला मोडी यावी लागत नाही. शास्त्रे चार असली तरी रोगी एकच असतो, हे तंजावूरच्या या मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.