डांके म्हणजे नको

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे काय काय सांगत नाहीत! १९८१ च्या सप्टेंबरात मी साताऱ्याहून निघाले तेव्हा मामांनी पासपोर्ट कुठे ठेवावा ते तीनदा सांगितले, आत्याने थंडीत ओठांना लावायला तुपाची डबी दिली आणि आईने चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू असा डबा भरून वर सुतळी बांधली. पण जर्मन माणसासमोर नुसते ‘डांके’ म्हटले तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो, हे मात्र कोणीच सांगितले नाही. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात मी दोन वर्षे जर्मन शिकले होते. तिथे ‘डांके’ म्हणजे आभार, एवढेच पाठ केले होते. त्या एका शब्दापायी मी तीन आठवडे अर्धपोटी काढले.

ट्यूबिंगेन हे नेकार नदीच्या काठचे लहानसे गाव. विद्यापीठ १४७७ सालचे. केप्लर इथेच शिकला. मी रसायनशास्त्रासाठी गेले होते आणि एका कुटुंबात माझी राहण्याची सोय झाली होती. घरात पन्नाशी उलटलेल्या बाई आणि त्यांचे अबोल यजमान, अशी दोनच माणसे. घर आरशासारखे लख्ख. भर थंडीत सकाळी सात वाजता बाई साऱ्या खिडक्या सताड उघडून घरात वारा घेत आणि मी गोधडीत गुरफटून देवाचा धावा करी.

संध्याकाळी साडेसहाला जेवण. जेवण म्हणजे काय, तर लाकडी फळीवर काळसर पावाचे काप, लोणी, चीज आणि आंबवलेली काकडी. चूल पेटायची ती दुपारी, आणि दुपारी मी प्रयोगशाळेत. रात्रीच्या या जेवणाला जर्मनीत ‘संध्याकाळचा पाव’ असेच नाव आहे, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. दोन काप संपले की बाई ताटली पुढे करून विचारीत, “आणखी?” मी हसून म्हणे, “डांके.” माझ्या मते त्याचा अर्थ, ‘द्या हो, फार उपकार होतील.’ ताटली मुकाट्याने मागे जाई. मला वाटे, आता पुन्हा येईल. साताऱ्याला पहिला नकार हा नकार नसतोच. ती नुसती नांदी असते. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे, यजमानणीने तिसऱ्यांदा ताटात वाढायचेच, हा आपला धर्म. इथे ताटली गेली ती गेली. बाई चिक्कू आहेत, असा मी मनाशी निकाल देऊन टाकला.

मग आईचा डबा उपयोगी पडू लागला. पण रात्री दहानंतर त्या इमारतीत पाण्याचा नळसुद्धा जोरात सोडायचा नाही, असा दंडक. तशा शांततेत चकली मोडणे म्हणजे फटाका उडवण्यासारखेच! मी ती तोंडात भिजवून खाण्याचा प्रयोग केला. (करू नये. चकलीचा अपमान होतो आणि आवाज व्हायचा तो होतोच.)

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “तुमच्या खोलीत उंदीर शिरला आहे असं वाटतं. रात्री काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो.”

मला आधी हसू आले आणि मग एकदम रडूच कोसळले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळे सांगून टाकले. बाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांच्या मते या मुलीला आपल्या हातचे काही म्हणजे काहीच आवडत नव्हते. मी आजारी पडेन या काळजीने त्यांना झोप येत नव्हती. “पण मग तुम्ही ‘हो’ का नाही म्हणालात?” त्यांनी विचारले. या साध्या प्रश्नाला आमच्या सभ्यतेत उत्तर नव्हते. आग्रह ही काय चीज आहे ते मी समजावून सांगितले. जर्मनमध्ये त्याला नेमका शब्द मला सापडला नाही.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, १९४६-४७ च्या हिवाळ्यात त्या अठरा वर्षांच्या होत्या. महायुद्ध संपून दीड वर्ष झाले होते, हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि रेशन अगदी तुटपुंजे मिळे. घरात पावाचे काप मोजून ठेवलेले असत. “कोणी नको म्हटलं तर आम्ही पुन्हा विचारत नसू,” त्या म्हणाल्या. “भीती वाटायची. तो ‘हो’ म्हणाला तर?”

मी त्यांना चिक्कू ठरवले होते. त्या दिवशी उरलेला सगळा फराळ मी टेबलावर मांडला. बाईंनी लाडवाची कृती ग्रॅममध्ये मागितली. ‘अंदाजाने’ या शब्दाचा अनुवाद मला आजतागायत जमलेला नाही.

तेव्हापासून मी ‘हो’ म्हणायला शिकले. इतरही बरेच शिकले. त्यात मुख्य म्हणजे केर काढणे. तिथे बिऱ्हाडांवर आळीपाळीने जिना झाडण्याची पाळी येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर आठवडाभर पाटी लटकते. ज्या एबरहार्टने ट्यूबिंगेनचे विद्यापीठ काढले, त्याच्याच अमलात १४९२ साली स्टुटगार्टच्या नागरिकांना दर आठवड्याला घाण बाहेर नेऊन टाकण्याचा हुकूम झाला होता. विद्या आणि केरसुणी एकाच घरची! मी झाडले की बाई काही न बोलता मागून पुन्हा झाडीत.

फेब्रुवारीत तार आली. आजी गेली होती. मला तिनेच वाढवलेले. पण जाण्याइतके पैसे नव्हते आणि जाऊन काही उपयोगही नव्हता. बाईंनी माझा हात हातात घेतला, पुस्तकात असते तसे दुखवट्याचे एक वाक्य म्हटले, बाहेर गेल्या आणि जाताना माझ्या खोलीचे दार लावून घेतले. त्या बंद दाराचा मला इतका संताप आला! साताऱ्याच्या वाड्यात एव्हाना दहा बायका माझ्याभोवती बसल्या असत्या. इथे दुःखसुद्धा दार लावून, दहाच्या आत उरकायचे!

अंधार पडल्यावर टकटक झाली. बाई थाळी घेऊन उभ्या होत्या. दुधात शिजवलेला भात, वर साखर आणि दालचिनी. मी म्हटले, “डांके.” आता मला त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता.

थाळी मागे गेली नाही. बाई म्हणाल्या, “थोडा तरी.”

“डांके.”

त्या पलंगाच्या कडेला बसल्या, चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “खा बघू तू.”

जर्मनमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. बावीस वर्षांच्या मला त्या पाच महिने ‘तुम्ही’ म्हणत होत्या. मोठ्या माणसाने रीतसर सुचवल्यावाचून तिथे कोणी ‘तू’वर येत नाही. त्या संध्याकाळी रीतसर काहीच झाले नाही. बाईंचा आवाज कापरा झाला होता, आणि तिसऱ्यांदा विचारणे त्यांना किती जड गेले असेल ते मला दिसत होते. मी भात खाल्ला. तो फार गोड होता आणि बराचसा गार झाला होता.

दाराबाहेर आमच्या पाळीची पाटी लटकत होती. शनिवारी मी जिना झाडला. बाईंनी तो मागून पुन्हा झाडला.