मिनेस्ट्रोन आणि नवं गाव

फ्रिस्को वसलं ते इंजिनांच्या तहानेपायी. सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेच्या वाफेच्या गाड्यांना वाटेत पाणी लागायचं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासच्या या सपाट माळावर एक थांबा झाला आणि रेल्वेच्या नावाचाच एक तुकडा गावाला चिकटला. त्याआधी इथून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेत. त्या शॉनी वाटेवरूनच आजचा प्रेस्टन रोड जातो. आता तिथं हाकायला गुरं नाहीत. शनिवारी संध्याकाळी गाड्या मात्र त्याच चालीनं सरकतात. 1990 साली या गावात जेमतेम सहा हजार माणसं होती. 2020 च्या जनगणनेत ती दोन लाखांवर गेली.

अशा गावात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं कुणालाही विचारा, उत्तर गावाबाहेरचंच येतं. आमच्या डावीकडचे ओहायोतले, समोरचे हैदराबादचे, कोपऱ्यावरचे कॅलिफोर्नियातलं घर विकून आलेले. आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली खानावळ, जिचा मालक तुम्हाला नावानं ओळखतो, ती इथं मिळायची कुठून? आजोबाच मुळात दुसऱ्या गावचे. तेव्हा जन्मदिवस, बढती, पाहुणे, मुलांच्या बक्षीस समारंभानंतरची भूक, असं काहीही निघालं की पावलं वळतात ती ऑलिव्ह गार्डन या इटालियन जेवणाच्या साखळी हॉटेलाकडे.

तेही इथलं नाहीच. पहिलं ऑलिव्ह गार्डन 1982 च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या ऑरलँडोत उघडलं आणि उघडलं ते कुणा इटालियन आजीनं नव्हे, तर जनरल मिल्सनं, म्हणजे पीठ आणि सीरियल विकणाऱ्या कंपनीनं. याच कंपनीनं 2001 मध्ये पिल्सबरी विकत घेतली. म्हणजे आपल्या पोळ्यांच्या पिल्सबरी आट्याचं आणि तिथल्या ब्रेडस्टिकचं नातं निघतं. अर्थात नातं बादरायणच, कारण रेस्टॉरंटांचा संसार कंपनीनं 1995 मध्येच डार्डन या नावानं वेगळा थाटून दिला होता.

इटलीशी असलेलं नातं तरी कुठं फार जवळचं आहे? अल्फ्रेडोचंच घ्या. रोममध्ये अल्फ्रेडो दी लेलिओ नावाचा खानावळवाला ताज्या फेतुचिनीत नुसतं लोणी आणि पार्मेझान घोळून वाढायचा. 1920 मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे मूकपटांचे तारे मधुचंद्राला रोमला गेले, त्याच्याकडे जेवले आणि पदार्थाची कीर्ती अमेरिकेला पोचली. इथं त्यात साय पडली, लसूण पडला, पुढं कोंबडीही आली. आज अमेरिकेत अल्फ्रेडो म्हणून जो पांढरा दाट सॉस मिळतो, तो खुद्द रोमच्या माणसाला परका वाटेल. मला यात काही वावगं दिसत नाही. माणसं दूरदेशी जाऊन बदलतात, पदार्थांनीच काय घोडं मारलंय?

उन्हाळ्यात आमच्याकडे, आमच्याकडेच कशाला, गावातल्या निम्म्या मराठी घरांत आई-वडील येऊन राहतात. पहिले आठ दिवस कार्यसिद्धी हनुमानाचं दर्शन, देशी दुकानं, डोसा, चाट यात जातात. मग माझी आई म्हणते, “अगं, सांगलीहून इतक्या लांब येऊन पुन्हा डोसाच खायचा का? इथली माणसं खातात तिथं ने की.” इथली माणसं म्हणजे कोण, हा प्रश्न मी गिळते आणि गाडी काढते.

दारात बाकडी असतात. नाव सांगायचं, हातात थरथरणारं यंत्र घ्यायचं आणि वाट बघायची. या बाकड्यांवर अख्खं गाव दिसतं. फुटबॉलचा घाम न पुसता आलेली पोरं, चर्चमधून थेट आलेलं मेक्सिकन कुटुंब, नव्या नोकरीचा पट्टा अजून गळ्यात असलेला एक तरुण, आणि साडीवर स्वेटर चढवलेल्या आपल्या बायका, कारण आतल्या एसीची खबर सगळ्यांना आधीच लागलेली असते.

शाकाहारी माणसाची निवड तशी सोपी. नेहमीच्या चार सूपांपैकी एकात सॉसेज, एकात बीफ, एकात चिकन. उरलं ते मिनेस्ट्रोन. टोमॅटोच्या रश्श्यात घेवड्याचे दाणे, झुकिनी, गाजर, सेलरी, पालक आणि शंखाच्या आकाराचा चिमुकला पास्ता. वर सॅलड आणि ब्रेडस्टिक्स, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा मागता येतं. “परत आणलं तरी पैसे तेवढेच?” आईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग लाल मिरचीचे फ्लेक्स मागितले आणि निवांत झाली.

एवढ्यात चीजवाला येतो. त्याच्या हातात मुठीएवढी किसणी, आत चीजचा तुकडा. तो ताटलीवर हात धरून दांडा फिरवू लागतो, पांढरा हलका कीस वाफेत पडतो, काठावर टिकतो, मधे विरघळतो. तुम्ही थांबा म्हणेपर्यंत फिरवत राहायचं हा तिथला रिवाज. आईला वाटलं, मुलगा प्रेमानं घालतोय, मधेच कसं अडवायचं? आणि मुलाला वाटलं, आजींना चीज फार आवडतं. दोघंही एकमेकांकडे बघून हसत होती आणि सूप दिसेनासं होत होतं. शेवटी मीच म्हटलं, “आई, तू थांब म्हटल्याशिवाय तो रात्रभर फिरवेल.” आपल्या पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी एक जिलबी पडतेच, इथं तोंडातून शब्द निघाल्याबरोबर हात थांबला, याचंच तिला नवल वाटलं. (इटलीत पारंपरिक पार्मेझानसाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी चीजबद्दल आधी विचारलेलं बरं.)

अशा ठिकाणाची चेष्टा करणं फार सोपं आहे. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स या गावात ऑलिव्ह गार्डन उघडलं, त्यानंतर 2012 च्या मार्चमध्ये स्थानिक ‘ग्रँड फोर्क्स हेरल्ड’मध्ये मॅरिलिन हॅगर्टी या 85 वर्षांच्या स्तंभलेखिकेनं त्याचं सरळ, मनापासून परीक्षण लिहिलं. जागा कशी, गर्दी किती, आपण काय खाल्लं, एवढंच. इंटरनेटवर देशभरच्या शहाण्यांनी तिला हसून घेतलं. पण शेफ-लेखक अँथनी बोर्डेननं, ज्याची जीभ कुणालाच सोडत नसे, तिची बाजू घेतली आणि पुढच्या वर्षी आपल्या नावाच्या प्रकाशनातर्फे तिच्या परीक्षणांचं पुस्तक काढलं. लहान आणि मध्यम गावं खरोखर कुठं आणि कशी जेवतात याची नोंद दुसऱ्या कुणी ठेवली होती? गावात असं हॉटेल उघडणं ही तिथल्या माणसांसाठी बातमी होती आणि बाईंनी ती बातमीसारखी दिली.

तक्रार करायचीच, तर ती नेमकी असावी. 2014 मध्ये स्टारबोर्ड व्हॅल्यू या गुंतवणूकदार संस्थेनं डार्डनच्या कारभारावर जवळजवळ 300 पानांचं सादरीकरण केलं. त्यात ब्रेडस्टिक्सही आल्या: एका वेळी गरजेपेक्षा जास्त आणतात, त्या गार होतात, वाया जातात. आणि दुसरं म्हणजे, पास्त्याच्या पाण्यात तेव्हा मीठच घालत नसत. का, तर भांड्यांची वॉरंटी जास्त टिकावी म्हणून. पुढच्याच महिन्यात भागधारकांनी अख्खं संचालक मंडळ बदललं. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं हातातला काटा खाली ठेवला. “भांडी जपायची म्हणून अळणी शिजवायचं? मग त्यांना काढलं ते बरंच झालं.”

साखळी हॉटेलांमुळे गावं एकसारखी होतात हे खरंच आहे. पण जिथं सगळेच नवे, तिथं एकसारखेपणाचा उपयोगही असतो. ओहायोच्या शेजाऱ्याला मेन्यू पाठ असतो, मेक्सिकन कुटुंबाला मोठं टेबल मिळतं, माझ्या आईला कुणी वाइनची यादी देऊन बुजवत नाही. गावाला स्वतःची चव यायला दोन पिढ्या तरी जाव्या लागतात; तोवर माणसांनी बसायचं कुठं?

तेव्हा तुमच्याकडे यंदा आई-बाबा येणार असतील तर खुशाल न्या. शनिवार टाळा, मधल्या वारी दुपारी जा. मिनेस्ट्रोन घ्या, अल्फ्रेडो दोघांत एकच पुरतं, फ्लेक्स बसल्या बसल्याच मागून ठेवा आणि चीजवाल्याला कधी थांबवायचं ते त्यांना गाडीतच सांगा. पास्ता मात्र एकदा घरी करून वाढा, आणि त्याच्या पाण्यात मूठभर मीठ टाका. भांडं काही खराब होत नाही.