खोडरबराने जुळलेली सोयरीक

तुमचे लग्न प्रेमाचे की ठरवून झालेले, असे कुणी विचारले की आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसतो. सरळ उत्तर आमच्याजवळ नाही. कारण आमची सुरुवात प्रेमाने झालीच नाही, चांगल्या कडकडीत भांडणाने झाली. घरात वयात येणारी मुले-मुली असलेल्या बंधू-भगिनींना उपयोगी पडेल, म्हणून ती हकीकत दोघांनी मिळून लिहीत आहोत.

साल १९८४. उत्तर नागपुरातील आमची वस्ती. आमच्यातला 'तो' एम्प्रेस मिलमधील कामगाराचा मुलगा. भीमजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत सलग तीन वर्षे पहिला, त्यामुळे मान जरा ताठच. आमच्यातली 'ती' वडिलांची बदली झाली म्हणून चंद्रपूरहून आजीच्या घरी राहायला आलेली. दोघेही दहावीला. आल्या आठवड्यातच ती विहाराच्या अभ्यासिकेत त्याची खिडकीजवळची जागा धरून बसली.

"ही माझी जागा आहे."

"नाव कुठं लिहिलंय?"

झाले! त्या दिवसापासून तो तिला 'चंद्रपूरची तोफ' म्हणू लागला आणि ती त्याला 'कायमचे अध्यक्ष'.

अभ्यासिकेत एक लोखंडी कपाट होते. त्यात खैरमोडे यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे काही खंड होते. जयंतीच्या भाषणासाठी दोघांनाही तेच हवे. एक खंड त्याने दडवला की दुसरा ती घरी नेई. त्याला ओळीखाली पेन्सिलीने रेघा मारून समासात 'महत्त्वाचे' लिहिण्याची खोड होती. एके दिवशी त्याखाली बारीक अक्षरात दिसले, 'सगळेच महत्त्वाचे, तर रेघा कशाला?' त्याने लिहिले, 'शहाणपणा नको.' खाली उत्तर आले, 'मग काय हवे?' महाडच्या प्रकरणाजवळ त्याने आपल्या भाषणाचे मुद्दे टिपले होते. त्याखाली तिने विचारले, 'बायका कुठे गेल्या?' त्याने बेधडक लिहून टाकले, 'बायका ऐकायला आल्या होत्या.'

हे पानोपानी चाललेले युद्ध एकदा ग्रंथपाल काकांच्या दृष्टीस पडले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे कडक. त्यांनी दोघांना समोर बसवले, एकच खोडरबर दिला आणि म्हणाले, "समाजाच्या वर्गणीतून घेतलेली पुस्तकं आहेत. एकूण एक अक्षर पुसल्याशिवाय उठायचं नाही."

तीन संध्याकाळ आम्ही पुसत बसलो. पहिल्या दिवशी कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एकमेकांचे लिहिलेले वाचून हसू फुटले. तिसऱ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "यंदाचं भाषण करून घेते. पुढच्या वर्षापासून तू एकटाच पहिला ये. मला स्थळ आलंय. बाबा म्हणतात, दहावी झाली की शाळा पुरे."

खरे तर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. रात्री त्याला जेवण गेले नाही, एवढे मात्र आजही तो कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी त्याने काकांना विचारले, बायका खरेच फक्त ऐकायला आल्या होत्या का? काका म्हणाले, "महाडला बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं. आणि आपल्या नागपुरात २० जुलै १९४२ ला तर स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली, हजारो बायका आल्या होत्या. हिच्या आजीलाच विचारा." आजी अंगणात तेंदूची पाने कातरीत बसली होती. विड्या वळता वळता तिने सारे सांगितले. मुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊ नका, त्याची मैत्रीण व्हा, बरोबरीची व्हा, हे बाबासाहेबांचे सांगणे तिला बेचाळीस वर्षांनंतरही पाठ होते.

१४ एप्रिलला तो महाडवर बोलला, स्त्रियांसह. ती १९४२ च्या परिषदेवर बोलली. ती पहिली, तो दुसरा. तिला बाबासाहेबांची तसबीर मिळाली, दहावी संपलेल्या त्याला कंपासपेटी! पेटीतला खोडरबर काढून त्याने तिच्या हातावर ठेवला. आमच्या दोघांतली पहिली भेटवस्तू ती.

त्या रात्री तिचे वडील अंगणात गप्प बसून होते. आजी एवढेच म्हणाली, "पोरीनं सांगितलं ते मी माह्या कानानं ऐकलं हाय. तू तवा माह्या कडेवर होता." पुढे स्थळाचा विषय घरात निघाला नाही. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा अकरावीचा अर्ज वडिलांनीच आणून दिला.

पुढची सात वर्षे आम्ही भांडतच काढली. ती डी.एड. होऊन शिक्षिका झाली, त्याने बी.कॉम. करून नोकरी धरली. चोरूनमारून फिरलो नाही. एकदाच सीताबर्डीला उसाचा रस प्यालो, तेव्हाही पैसे कोणी द्यायचे यावरून वाद झाला. मग दोघांनी आपापल्या घरी सरळ सांगितले. त्याची आई म्हणाली, "पोरगी उलट बोलते रे!" तो म्हणाला, "म्हणूनच."

१९९१ मध्ये विहारात लग्न झाले. हुंडा नाही, मानपान नाही. पांढरी वस्त्रे, त्रिशरण, पंचशील आणि प्रतिज्ञा. पत्नीचा सन्मान करीन, हे वाक्य त्याने जरा हळू म्हटले, तशी ती पुटपुटली, "मोठ्यानं म्हण, आजीला कमी ऐकू येतं." पहिल्या रांगेत आजी डोळे पुशीत होती.

आज मागे पाहताना वाटते, बरोबरीचे नाते लग्नाच्या मांडवात एका दिवसात तयार होत नाही. ते अभ्यासिकेत, वादात, हरण्या-जिंकण्यात घडते. जी मुलगी पंधराव्या वर्षी मुलाला हरवू शकते, तिला घरात दासी करून ठेवणे कुणाला जमत नाही. आणि ज्या मुलाला मुलीकडून हरून टाळ्या वाजवता येतात, त्याच्या हाती आपली लेक द्यायला आईबापांनी भिऊ नये. म्हणून मुले-मुली वाद घालताना दिसली की लगेच संशय घेऊ नका आणि लग्नाची घाई करू नका. त्यांना पुस्तके द्या, आणि लक्ष ठेवायला आमच्या काकांसारखा एखादा वडीलधारा असू द्या.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, तुम्हालाही एवढेच सांगणे. आवड थांबू शकते, परीक्षा थांबत नाही.

आणि हो, खंडातली एक ओळ आम्ही पुसली नव्हती. 'बायका कुठे गेल्या?' काकांनीच सांगितले होते, "हा प्रश्न राहू द्या."

जय भीम!