टीप आणि चव

निवृत्त प्राध्यापकांच्या जुन्या टिपणवहीत ‘स्टाउट’ या शब्दापुढे तीन विशेषणे होती : काळी, जड, मादक. जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहातील ‘आयव्ही डे इन द कमिटी रूम’ ही कथा त्यांनी सुमारे तीस वर्षे शिकविली. पार्नेलच्या स्मृतिदिनी निवडणूक-प्रचाराची भाडोत्री माणसे विस्तवाभोवती बसली आहेत. उमेदवाराकडून स्टाउटच्या बाटल्या येतात. त्यांतल्या काही विस्तवाजवळ ठेवल्या जातात आणि उष्णतेने त्यांची बुचे एकेक करून उडतात. ही काळी दारू म्हणजे पराभूत राष्ट्राची गुंगी, असे प्राध्यापक सांगत. मुले लिहून घेत. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तिची चव कशी असते?” प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “काढ्यासारखी.” वर्ग हसला. तिने तेही लिहून घेतले.

प्राध्यापकांच्या घरात मद्य कधी आले नव्हते. त्यामागे व्रत नव्हते, केवळ रीत होती. निवृत्तीनंतर ते आयर्लंडमधील कॉर्क शहरी मुलीकडे गेले. तिथे नॉर्थ मॉलवर, जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागी, १९९८ मध्ये एक ब्रूपब निघाला होता. म्हणजे जिथे गाळायची तिथेच प्यायची, अशी जागा. वाटेत सेंट पॅट्रिक स्ट्रीटवर फादर मॅथ्यूंचा पुतळा लागला. १८३८ पासून याच शहरातून त्यांनी लक्षावधी लोकांना मद्यत्यागाची शपथ दिली होती. “बाबा, परत फिरायचं का?” मुलीने हसून विचारले. प्राध्यापक पुढे चालू लागले.

पेला एकदम भरला गेला नाही. पाऊण भरून तो तसाच ठेवला गेला. नायट्रोजनमिश्रित वायूचे बारीक बुडबुडे काचेलगत खाली उतरताना दिसत होते. वस्तुतः ते पेल्याच्या मध्यातून वर चढतात आणि कडेचा खाली येणारा प्रवाह काहींना ओढून नेतो. डोळ्यांना मात्र केवळ उतरणेच दिसते. मिनिट-दोन मिनिटांनी पेला पूर्ण भरला. वर सायीसारखा फेस धरला. प्राध्यापकांनी तो उजेडासमोर धरला, तेव्हा कडेला गडद माणकाचा तांबडा रंग उमटला. पहिले विशेषण तिथेच गळून पडले.

पहिल्या घोटाला भाजणीची आठवण झाली. पण भाजणी जिथे थांबवतात त्याच्याही पुढे गेलेली, कॉफीच्या रंगाला पोचलेली. हा स्वाद मोड न आणलेल्या, काळपट भाजलेल्या जवाचा. ब्रिटिश अमलात मोड आणलेल्या धान्यावर कर होता आणि मोड न आणलेले धान्य वापरण्यास मनाई होती. १८८० मध्ये तो कर उठला आणि पुढे असा जव आयरिश स्टाउटची ओळख बनला. मग किंचित आंबटपणा, मग कडवटपणा आणि शेवटी जीभ कोरडी. साखर बहुतांशी आंबून गेलेली असल्याने गोडी मागे उरत नाही. जडपणा तर कुठेच नव्हता. घोट पातळच होता. दाट भासत होता तो फेसामुळे. दुसरे विशेषणही गेले.

तिसऱ्याने मात्र प्राध्यापकांना सहज सुटू दिले नाही. समोरच्या पेल्यात मद्यार्क चार-साडेचार टक्केच होता. पण जॉइसच्या काळची बाटलीतील स्टाउट याहून बरीच जोरकस असे. पहिल्या महायुद्धातील निर्बंधांनी तिचा जोर उतरला. म्हणजे कथेतील माणसे जे प्याली ते हे नव्हतेच. चव घेतल्यानेही टीप पूर्ण होत नव्हती; फक्त ती कुठे अपूर्ण आहे हे आता नेमके ठाऊक झाले होते.

भारतीय काव्यशास्त्राने आस्वाद हा शब्दच जिभेकडून घेतला. रसाची चर्चा करताना प्राध्यापकांनी हे अनेकदा सांगितले होते. आणि तरीही वस्तू हाती येण्याआधी तिचे प्रतीक करण्याची घाई त्यांनी तीस वर्षे केली होती. कोरड्या जिभेने ते मनाशी म्हणाले, ‘हा कोरडेपणा म्हणजे त्या कथेचा शेवटच...’ आणि तिथेच थांबले. पुन्हा तेच चालले होते. त्यांनी दुसरा घोट घेतला.

प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी पुढे स्वतः प्राध्यापिका झाली होती, हीच कथा शिकवत होती. तिच्या वर्गातही तो काढा चालू असणार. त्या रात्री मुलीच्या घरी त्यांनी तिला पत्र लिहिले : रंग तांबूस, अंग हलके, वास करपण्याच्या अलीकडचा, शेवट कोरडा; त्या काळची याहून कडक असावी; मी चुकीचे सांगितले होते. पत्रात प्रतीकाचा उल्लेख नव्हता.